शांततेची पूर्वतयारी

२ एप्रिल, सकाळी ८.१०
परीक्षेची तारीख लागली. २८ जून. वजनमापे निरीक्षक या पदासाठीची खात्यांतर्गत परीक्षा. माझा तिसरा प्रयत्न, आणि नियमाप्रमाणे शेवटचा. घाबरायचं कारण नाही. मागच्या दोन्ही वेळी मी नापास झालो नव्हतो, मला नापास केलं गेलं होतं. पहिल्या वेळी वरच्या मजल्यावर फरश्या बदलत होते. दुसऱ्या वेळी आईने नवा टीव्ही घेतला, मोठ्या आवाजाचा.

या वेळी पास होणं भाग आहे. ही चार तासांवरच्या गावात हॉस्पिटलात सिस्टर आहे. एक शनिवार सोडून एक शनिवार येते, रविवारी दुपारी जाते. सहा वर्षं हेच चाललंय. चिमणी आता नऊ वर्षांची आहे, म्हणजे तिने आपली आई जास्त करून बॅग भरतानाच पाहिली. हिच्या गावचे निरीक्षक ऑगस्टमध्ये रिटायर होतायत. पास झालो तर ती खुर्ची माझी, साहेबांनी स्वतः सांगितलंय. मग मी, ही, चिमणी आणि माझी आई, सगळे एका घरात.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. एका निवृत्त सरांची चाळीस लेक्चर्स फोनवर उतरवून घेतली आहेत. एकेक तासाभराचं. रोज एक ऐकलं तरी मेच्या मध्यावर संपतात. उरलेला दीड महिना उजळणी. वेळ खरं तर जास्तच होतोय.

३ एप्रिल
उठलो ७.४० ला. गजर वाजलाच नाही. चिमणी म्हणते वाजला आणि मीच बंद केला. लहान मुलं काहीही बोलतात.

लेक्चर पहिलं लावलं. सर म्हणाले, नमस्कार विद्यार्थिमित्रहो, मग खोकले, मग म्हणाले की मापन म्हणजे तुलना. काय वाक्य आहे! वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या. चौथ्या मिनिटाला आईने टीव्ही लावला. शेजारच्यांनी गाडी सुरू करून नुसतीच घुरघुरत ठेवली. चिमणी जिन्यात उड्या मारत होती. लेक्चर थांबवलं.

आणि तिथेच मला रोगाचं मूळ सापडलं. आवाज. बुद्धी आहे, जिद्द आहे, लेक्चर्स आहेत. घोडं अडलंय ते फक्त आवाजापाशी. नॉइज कॅन्सलिंग इअरबड्स घ्यायचे ठरवले. ते आले की अभ्यास आपोआप होईल. वायरवालेच घ्यायचे. बिनवायरीचे ऐन वेळी चार्जिंग संपवतात, आणि एक हरवला की दुसऱ्याकडे बघून रडत बसायचं. वायर म्हणजे जबाबदारी.

आई म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. टीव्हीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही असं दाखवलं.

६ एप्रिल
तीन दिवस संशोधन. एकशे चौदा रिव्ह्यू वाचले. बाजारात वायरवाले पुष्कळ आहेत आणि नॉइज कॅन्सलिंगवाले पुष्कळ आहेत. दोन्ही एकत्र असलेले फार थोडे. म्हणजे माझी निवड दुर्मीळ आहे. कळपातला माणूस नाहीच मी.

ऑफिसात बाजूच्या टेबलावरच्या ज्युनिअर बाईंना सगळं समजावून सांगितलं. ॲक्टिव्ह म्हणजे काय, पॅसिव्ह म्हणजे काय, सगळं. त्याही परीक्षेला बसतायत, पहिल्यांदाच. लंच टाइममध्ये कानात कापूस घालून वाचत असतात. मी बोलत होतो तेव्हा कापूस काढला नाही. शेवटी विचारलं, प्रकरण दुसरं झालं का तुमचं? मी म्हटलं, आधी पाया. यांना मी मनातल्या मनात कापूसबाई म्हणतो. कीव येते.

९ एप्रिल
इअरबड्स आले! पेटी उघडायला वीस मिनिटं लागली. वायर सुंदर, कापडी विणीची, गुंता होत नाही. पिन गोल. फोनला गोल भोकच नाही.

फोन चार वर्षं माझ्याकडे आहे. भोक नसल्याचं मला कोणीही सांगितलं नव्हतं. दुकानात गेलो. मोबाइलवाला म्हणाला, साहेब, हल्ली चार्जिंगच्याच भोकात घालतात सगळं. म्हटलं, मग चार्जिंग कुठून करायचं? तो म्हणाला, आधी ऐका मग चार्ज करा. हा माणूस आयुष्यात कधी परीक्षेला बसलेला नाही.

ॲडॉप्टर घेतला. एकाच कानात आवाज येतो. एका कानाने परीक्षा देता येत नाही. अभ्यास उद्यापासून.

१३ एप्रिल, शनिवार
ही आली. आल्या आल्या विचारलं, किती झालं? मी वायरी दाखवल्या. तिने बॅग खाली ठेवली. मग म्हणाली की मी वॉर्डाबाहेर स्टुलावर बसून परीक्षेचा अभ्यास केला होता, दर पाच मिनिटांनी कोणीतरी सिस्टर सिस्टर करत होतं. मी म्हटलं, तुझं नशीब, तुला एकाग्रता उपजतच आहे.

जेवताना तिने दोन प्रश्न विचारले. पहिल्याचं उत्तर मापन म्हणजे तुलना असं दिलं. दुसऱ्याचंही तेच दिलं. दुसऱ्याचं ते नव्हतं. चिमणीच्या तोंडावर हसू फुटलं. आईने तिला चिमटा काढला, पण हसत होती तीही.

रात्री भांडी आवरताना ही हळूच म्हणाली, या वेळी करा हो. मलाही आता जमत नाही असं. मी तिला वचन दिलं. मनापासून दिलं.

२१ एप्रिल
दुसरी जोडी. चार्जिंगच्या भोकात बसणारी. बसली! आता प्रश्न असा की ही चांगली की पहिली चांगली? साधा माणूस कानात घालेल आणि ठरवेल. मी अठरा वर्षं वजनमापे खात्यात आहे. आमच्याकडे दुकानदाराचं वजन बरोबर आहे का हे डोळ्यांनी बघून ठरवत नाहीत, कपाटातलं प्रमाण वजन काढून त्याच्याशी ताडून बघतात. तेव्हा आवाज अडतो का हे बघायचं तर आधी एक प्रमाण आवाज पाहिजे. रोज तोच, तेवढाच, तिथूनच.

घरातले सगळे आवाज तपासले. आईचा टीव्ही बेभरवशाचा, जाहिरातीत वाढतो. गाडी आपल्या हातात नाही. शेवटी मिक्सर निवडला. रिकामा, दोन नंबरवर, दोन मीटरवरून, दार अर्धं उघडं. आई बटणावर, चिमणी घड्याळावर, मी खुर्चीत. कानात पहिलं लेक्चर, सुरुवातीची चार मिनिटं. सरांचं बोलणं मिक्सरवर मात करतं का, दहापैकी गुण द्यायचे. तीन वेळा घ्यायचं आणि सरासरी काढायची.

आईने विचारलं, रिकामा का फिरवायचा, निदान काहीतरी वाटून तरी घेते. म्हटलं, आई, पदार्थ घातला की आवाज बदलतो. तिने कपाळावर हात मारला, पण बटण दाबलं.

२५ एप्रिल
गंभीर शोध. बड्सच्या टोकाला रबरी टोप्या असतात, लहान, मध्यम, मोठ्या. उजव्या कानात मध्यम बसते, डाव्यात मोठीसुद्धा सैल होते. माझे कान असमान आहेत! त्रेचाळीस वर्षांत हे कोणाच्या लक्षात आलं नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, कान सारखेच होते रे, डोक्याचं सांगता येत नाही.

२९ एप्रिल
कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. असमानतेचं लेखी प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत जादा वेळ मिळतो का, हाही एक विचार होता. डॉक्टरांनी आत दिवा मारला आणि नर्सला बोलावून दाखवलं. मग पिचकारीने दोन्ही कानांतून जे काढलं त्याचं वर्णन इथे करत नाही.

बाहेर आलो तर जग अंगावर आलं. रिक्षा, चपला, कोणाच्या तरी हातातली किल्ली. घरी आलो तर फ्रिज बोलतोय, घड्याळ बोलतंय, शेजारीण सुनेला काय म्हणते तेही ऐकू येतंय. (ते थोडा वेळ ऐकलं. सून बरोबर आहे.)

याचा अर्थ आतापर्यंतच्या सगळ्या बावीस चाचण्या रद्द. काटाच सदोष होता. पुन्हा पहिल्यापासून. नाइलाज आहे, पण प्रामाणिकपणा म्हणजे प्रामाणिकपणा.

७ मे
काल मिक्सर जळाला. सोळाव्या चाचणीत धूर आला. चिमणीने वेळ बरोबर नोंदवली : ५२ सेकंद.

मिक्सर आईचा होता. माझे वडील गेले त्या वर्षी तिने स्वतःच्या पैशांनी घेतलेला. कालपासून माझ्याशी बोलतच नाहीये. टीव्हीही लावत नाही. त्यामुळे घरात आवाज बराच कमी झालाय, हे नमूद करायला हवं. परंतु प्रमाण आवाजच उरला नाही, तर या शांततेचा उपयोग काय?

१५ मे
मूळ वेळापत्रकाप्रमाणे आज लेक्चर्स संपायची होती. पहिलं लेक्चर, सुरुवातीची चार मिनिटं, आजवर एकशे बारा वेळा ऐकली. किती उमेदवारांनी एखादा भाग इतका खोल केला असेल? चिमणीला तो भाग तोंडपाठ आहे, सरांच्या खोकल्यासकट. परवा शेजाऱ्यांसमोर म्हणून दाखवला. टाळ्या मिळाल्या.

कापूसबाईंचं पुस्तक पाहिलं. शेवटचं प्रकरण चालू आहे. वरवर वाचत असणार.

२३ मे
तिसरी जोडी. ही खरी! बटण दाबलं आणि फ्रिज गेला. घड्याळ गेलं. पंखा फिरतोय पण नाही. मला भरून आलं. गेल्या दोन महिन्यांचे कष्ट कारणी लागले.

मग दुसरे आवाज यायला लागले. माझा श्वास. माझा घोट. वायर शर्टाला घासली की कोणीतरी पोतं ओढतंय असं वाटतं. मान हलवायची नाही असं ठरवलं. मान न हलवता वहीत लिहिता येत नाही. वायर कपड्याच्या चिमट्याने कॉलरला लावली. जमलं. लेक्चर लावणार एवढ्यात जेवायची वेळ झाली.

२ जून, रविवार
आज एक गैरसमज झाला. दुपारी एक वाजता अभ्यासाला बसलो. बड्स कानात, चिमटा कॉलरला, सर म्हणाले नमस्कार विद्यार्थिमित्रहो. पुढचं आठवत नाही. जाग आली पावणेचारला.

आई आणि चिमणी बाजारातून दोनला परत आल्या होत्या. किल्ली मी आतून लावून ठेवलेली. पावणेदोन तास बेल वाजवत होत्या. दार ठोठावलं, फोन केले. वर गच्चीच्या जिन्यात उन्हात बसल्या. आईला चक्कर आली, शेजारणीने पाणी दिलं. मी दार उघडलं तेव्हा आई आत आली आणि सरळ पलंगावर जाऊन पडली. मला रागवली असती तर बरं झालं असतं.

बड्सची कामगिरी मात्र उत्कृष्ट. दहापैकी दहा.

संध्याकाळी हिचा फोन. चिमणीने सगळं सांगितलं होतं. ही ओरडली नाही. म्हणाली, तिकडच्या शाळेत प्रवेश दहा जुलैपर्यंत आहे. तुमचा पेपर झाला की बघू. चांगला गेला तर थांबते, तुमच्याबरोबरच सगळ्यांना आणू. नाही गेला तर चिमणीला आणि आईंना मी घेऊन जाते. मला आता तिथे ड्यूटीवर घरच्या काळजीत उभं राहायचं नाहीये.

मी म्हटलं, तू निश्चिंत राहा, मुख्य अडचण दूर झाली आहे.

१८ जून
दहा दिवस राहिले. चाळीस लेक्चर्स, म्हणजे दिवसाला चार. दीडपट वेगाने लावली तर रोज पावणेतीन तासांत बसतात. करून पाहिलं. दीडपट वेगात सर फार चिडल्यासारखे वाटतात. माझ्या मनावर परिणाम होतो. साध्या वेगाने, पण निवडक ऐकायचं ठरवलं. निवड करायला पूर्ण यादी वाचली. संध्याकाळ झाली.

२४ जून
तहान लागल्यावर विहीर खणू नये असं म्हणतात. मी एप्रिलपासून खणतोय. पाण्याचंच काय ते बघायचं राहिलं.

२७ जून
आई बोलली. मिक्सरनंतर पहिल्यांदा. उद्या वेळेवर जा, एवढंच. पाया पडलो. तिने डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्त वेळ ठेवला. तिलाही कळतंय की उद्याचा दिवस मोठा आहे.

ज्ञान आहेच. उद्या फक्त मन शांत ठेवायचं आहे. हॉलबाहेर उमेदवार उगाच एकमेकांना प्रश्न विचारून घाबरवतात. बड्स बरोबर नेणार.

२८ जून, दुपारी १२.२०
जे घडलं ते घडल्याप्रमाणे लिहितो.

नऊला केंद्रावर पोहोचलो. पेपर दहाला. एवढ्या आधी मी कधी कुठेच पोहोचलो नव्हतो. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर बसलो. अपेक्षेप्रमाणे कलकलाट. कोणी कलम बारा, कोणी कलम अठरा. कापूसबाई एकट्या उभ्या होत्या. मला म्हणाल्या, सर, आत्ता घोषणा होईल, काहींच्या खोल्या बदलल्यात. मी हसून मान डोलावली. बड्स घातले, बटण दाबलं, डोळे मिटले. वर्षानुवर्षं मिळाली नाही अशी शांतता. मापन म्हणजे तुलना, मापन म्हणजे तुलना.

डोळे उघडले तेव्हा व्हरांड्यात मी आणि एक झाडू होतो. घड्याळात दहा चौतीस. माझी खोली मागच्या इमारतीत गेली होती. पळालो. वायर दाराच्या कडीत अडकली, एक बड तिथेच राहिला. शिपाई म्हणाला, साहेब, अर्ध्या तासानंतर आत सोडत नाहीत. मी म्हटलं, मला घंटा ऐकू आली नाही. तो म्हणाला, तीन वेळा दिली, आणि मी स्वतः माइकवर नावंही घेतली. त्याच्याशी वाद घातला. मग हात जोडले. तो बिचारा खाली बघायला लागला.

एकला कापूसबाई बाहेर येतील. त्याआधी निघून जातो.

१ जुलै
तांत्रिकदृष्ट्या मी नापास झालेलो नाही. नापास व्हायला पेपर द्यावा लागतो. साहेबांना हे सांगितलं. साहेब म्हणाले, प्रयत्न धरला जातो. हॉलतिकीट निघालं की धरला जातो.

कापूसबाईंनी विचारलं की अर्ध्या तासाचा नियम तुम्हाला माहीत नव्हता का, मीही त्याच सरांचं ऐकलंय, त्यांनी पहिल्याच लेक्चरमध्ये सांगितलाय, पाचव्या मिनिटाला. मी म्हटलं, माझा भर मूळ संकल्पनांवर होता.

हिला फोन केला. सगळं ऐकून घेतलं तिने. मग विचारलं, कानात घातलेलं होतं का? मी हो म्हटलं. ती बरं म्हणाली, आणि वॉर्डात बोलावतायत म्हणून फोन ठेवला. रडली असावी असं क्षणभर वाटलं. पण एकंदरीत तिने समजूतदारपणे घेतलं.

७ जुलै, रविवार
टेम्पो आला होता. चिमणीचं टेबल, सायकल, आईचा पलंग, टीव्ही. आईला म्हटलं, तू कशाला जातेस, तू माझी आई आहेस. ती म्हणाली, इथे बोलायला कोण आहे? मी म्हटलं, मी आहे की. ती उशी उचलून खाली गेली.

चिमणी टेम्पोत पुढे बसली. मला म्हणाली, बाबा, तुम्ही शनिवारी येणार ना, एक सोडून एक? मी म्हटलं, दर शनिवारी. ही म्हणाली, आधी बसचं बघा, मग तिला सांगा.

व्यवस्था तात्पुरती आहे. चौथ्या प्रयत्नासाठी विशेष परवानगीचा अर्ज करणार आहे. मसुदा मनात तयार आहे. घरात आता अभ्यासाला पोषक वातावरण आहे, हाही एक फायदा.

१९ ऑगस्ट
निकाल. कापूसबाई पहिल्या आल्या. कानामागून आली आणि तिखट झाली, दुसरं काय. नेमणूक हिच्या गावी. तिथल्या निरीक्षकांची ती खुर्ची. मी पेढ्यांचा पुडा हातात घेऊन अभिनंदन केलं. त्यांनी मला विचारलं की तिकडे राहायला जागा मिळेल का, वहिनींना विचाराल का? विचारलं. हिच्याच इमारतीत खालची खोली मिळाली.

अर्जाचा मसुदा अजून मनातच आहे.

३१ ऑगस्ट, शनिवार
बस चुकली. स्टँडवर पोहोचलो तेव्हा निघून गेली होती. पुढची सहा तासांनी, पोहोचायला मध्यरात्र होणार, म्हणून परत आलो. हिला कळवलं. ती म्हणाली, बरं. हल्ली ती बरं फार म्हणते.

८ सप्टेंबर, रविवार, संध्याकाळी ७.३०
घरात टाचणी पडली तर ऐकू येईल. आज सकाळपासून काही पडलेलं नाही. पुस्तक उघडून बसलो होतो. चार तास. एक ओळ डोक्यात शिरली नाही. आवाज नव्हताच, तेव्हा आज कोणाचं नाव घेऊ तेही सुचेना.

सातला चिमणीला फोन केला. शाळा कशी आहे, छान आहे. जेवलीस का, अजून नाही. मग तिला बोलायला काही उरलं नाही, मलाही उरलं नाही. ती ठेवते म्हणाली. मी म्हटलं, कट करू नकोस बेटा, फोन तसाच तिथे टेबलावर ठेव आणि तू तुझं खेळ. ती का म्हणाली. मी म्हटलं, असंच. तिने ठेवला.

मग मी ऐकत बसलो. आईचा टीव्ही मोठ्याने चालू होता. ही चिमणीला हात धुवायला सांगत होती, तीन वेळा सांगितलं. ताटं मांडली. कोणीतरी बेल वाजवली, कापूसबाई आल्या, आई त्यांना म्हणाली, ये गं, तुझ्यासाठीच थांबलोय. खुर्च्या सरकल्या. चिमणी सरांसारखी खोकून काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. हीसुद्धा. हिचं असं हसणं मी फार दिवसांत ऐकलं नव्हतं. मला तिथे असायचं होतं, दुसरं काहीच नको होतं. मी इकडून जोरात म्हटलं, अगं, मी आहे इथे. पण टेबल लांब असावं.

अकरा मिनिटांनी आईला फोन दिसला. म्हणाली, हा कोणाचा फोन चालू राहिलाय गं, उगाच बॅटरी जाते, आणि तिने कट केला.